आजींचे मेसेजेस

परवा मी समोरच्या दारातल्या आजींना तासभर उपाशी ठेवून त्यांचा फोन दुरुस्त केला. बदल्यात त्यांनी मला वेडा म्हटलं. म्हणजे, मला तसं ऐकू आलं. तसं नव्हतं हे नंतर कळलं, पण राग आधी येऊन बसला होता आणि तो अजून पुरता उठलेला नाही.

आम्ही स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनमध्ये राहतो. ग्रॅनाइटची जुनी इमारत, जिन्यात कायम ओल. आजी त्र्याऐंशीच्या, सध्या पायाला प्लास्टर. सकाळी दार किलकिलं करून म्हणाल्या, "लून, कुड यी गेट मा मेसेजेस?"

आता मेसेज म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस काय करणार? "हो हो, आणा फोन," म्हटलं. आजींनी जरा चमकूनच दिला. मी सोफ्यावर ऐसपैस बसलो, चष्मा चढवला. न वाचलेले तीन: एक दातांच्या डॉक्टरांचा, एक पार्सलचा, एक नातवाने पाठवलेला नुसता अंगठा. तिन्ही खणखणीत आवाजात वाचून दाखवले.

"आय," आजी म्हणाल्या. (म्हणजे 'हो'. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, हे लोक ऊठसूट आईची आठवण का काढतात.) मग जरा थांबून, "अँड मा मेसेजेस?"

मी अक्षरं मोठी केली. नको ते फोटो काढून टाकले. नातवाला त्यांच्या वतीने उलट अंगठा पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप कसा द्यायचा ते दोनदा करून दाखवलं. आजी एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत होत्या.

"अँड मा मेसेजेस?"

"आजी, संपले मेसेज!" हे मी मराठीतच ओरडलो असणार. तेव्हा त्या कुबडी टेकत आत गेल्या, कापडी पिशवी आणून माझ्या मांडीवर आपटली, वर चिठ्ठी आणि वीस पौंडांची नोट. "मिल्क! टॅटीज! फिट यी डीइन, लून?"

मेसेजेस म्हणजे किराणा, टॅटीज म्हणजे बटाटे. अख्ख्या स्कॉटलंडला हे ठाऊक आहे. आणि 'लून' हा इंग्रजीत खुळचट माणूस असला, तरी इथल्या डोरिक बोलीत लून म्हणजे पोरगा. पोरगी असेल तर 'क्वाइन'. सत्तेचाळीस वर्षांच्या, डोक्यावर मोजून केस उरलेल्या माणसाला कुणी पोरा म्हटलं तर खरं म्हणजे आनंद व्हायला हवा. पण तोवर मी जिन्यात उभा राहून बायकोला "म्हातारी मला वेडा म्हणाली" हे सांगून मोकळा झालो होतो, आणि जिन्यात आवाज घुमतो.

डोरिकची गंमत अशी की 'व्ह'चा 'फ' होतो. व्हॉटचं फिट, व्हेअरचं फार. आजींचं 'फिट यी डीइन' म्हणजे 'काय करतोयस'. ऑफिसात पहिल्या दिवशी एकाने विचारलं, "फिट लाइक?" मी सांगितलं, हो, रोज चालतो, साखर जरा काठावर आहे. तो फक्त 'कसं काय' विचारत होता. दुसरा म्हणाला, "फूज यर डूज?" म्हणजे तुमची कबुतरं कशी आहेत? याला "आय पेकिन", म्हणजे टिपताहेत दाणे, असं उत्तर द्यायचं असतं. कबुतरं कुणाकडेच नसतात.

बरं, ही काही चार म्हाताऱ्यांची बोली नाही. डोरिक ही स्कॉट्स भाषेचीच एक बोली. २०११च्या जनगणनेत पंधरा लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं लिहून दिलं. २०२५मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून गेलिक या इथल्या दुसऱ्या जुन्या भाषेबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. मग व्हिसासाठी माझ्याकडून पैसे घेऊन इंग्रजीचीच परीक्षा काहून घेतली? त्यात वाचन होतं, लेखन होतं, कानाला हेडफोन लावून ऐकणंसुद्धा होतं. टॅटीज कुठेच नव्हते.

'काहून' आपोआप आला बघा. मी अकोल्याचा. पुण्यात शिकायला आलो तेव्हा घरमालकीणबाई माझ्या प्रत्येक 'काहून'ला आणि 'करून राहिलो'ला पाहुण्यांसमोर हसायच्या. सहा महिन्यांत घासूनपुसून काढला तो. आजी सांगतात, त्यांना शाळेत 'येस'ऐवजी 'आय' म्हटलं म्हणून हातावर चामडी पट्टा बसायचा. सरकारी शाळांतला तो पट्टा १९८७मध्ये बंद झाला. आता तेच शब्द मगांवर छापून पर्यटकांना विकतात; 'ड्रीख', म्हणजे कुंद, रडकी हवा, हा शब्द तर टॉवेलवरसुद्धा आहे. 'काहून'चा मग मी अजून पाहिलेला नाही. हसायच्या त्या बाई मात्र स्वच्छ आठवतात.

असो. चिठ्ठीवर शेवटी होतं, 'नीप्स'. आता मी शहाणा झालो होतो. फोनमध्ये शोधलं, नीप म्हणजे टर्निप. दुकानात टर्निप अशी पाटी असलेले पांढरे शलगम होते, एक किलो घेतले. आजींनी पिशवीत डोकावलं आणि नुसतं "ऑख, लून" म्हणाल्या. इथला नीप म्हणजे आतून पिवळाधमक, डोक्याएवढा कंद, आणि दुकानात त्यावर पाटी असते 'स्वीड'.

आजींनी दुधाचे, ब्रेडचे, बटाट्यांचे पैसे पै न पै मोजून धरले. शलगमाचे धरले नाहीत. आज तिसरा दिवस, डब्यात शलगमाची भाजी आहे, आणि एक पौंड साठ पेन्स अजून येणे आहेत.