रोल्ट इंजिन ड्रायव्हर नव्हते हो!
मिरज-सांगलीकडं सध्या एक मेसेज फिरतोय, की इंग्लंडचे रेल्वे इतिहासकार एल. टी. सी. रोल्ट ब्रिटिश रेल्वेत ड्रायव्हर होते आणि वेल्समधली तालिलिन रेल्वे त्यांनी सरकारच्या मागं लागून वाचवली. असं काही नाही. रोल्ट (१९१०-१९७४) मेकॅनिकल इंजिनिअर, कारखान्यात उमेदवारी केलेला माणूस, पुढं पोट भरलं लेखणीवर, ब्रुनेल आणि स्टीफन्सन या रेल्वे बांधणाऱ्या इंजिनिअरांची चरित्रं त्यांचीच. आणि तालिलिन तर १९४८ ला तिकडच्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या तेव्हाही खाजगीच राहिली, १९५० ला मालक वारले तेव्हा रूळ गवतात बुडालेले, धड चालणारं इंजिन एकच, तेही १८६६ चं! मग रोल्ट आणि मंडळींनी बर्मिंगहॅमला मीटिंग घेऊन संस्था काढली अन् १९५१ पासून हौशी लोकांनी बिनपगारी राबून गाडी चालवली, सुरुवातीचे मॅनेजर खुद्द रोल्ट. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली ही पहिली रेल्वे, हे मात्र मेसेजात नाहीच, कमाल आहे.

शिवाय मेसेज म्हणतो, तालिलिन आपल्या मिरज-कुर्डुवाडीच्या जुन्या बार्शी लाईट रेल्वेच्याच गेजची, म्हणजे दोन रुळांत तेवढंच अंतर. बार्शी लाईट अडीच फुटी होती, तालिलिन सव्वादोन. फरक तीनच इंचांचा, पण आपला डबा तिकडं रुळावर बसला नसता.