ही दोरी नाही

हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी गप्पांची, परीक्षा पास झालो, तेव्हा वाटलं अवघड भाग संपला. लायसन्स आलं, कॉलसाईन (रेडिओवरचं अधिकृत नाव) मिळाला, शंभर वॅटचा सेकंडहँड ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा रेडिओ) टेबलावर येऊन बसला. आता राहिली एक तार. "तार बांधायला काय लागतं?" असं मी बायकोसमोर म्हणालो. हे वाक्य ती आजही महिन्यातून एकदा मला ऐकवते.

चाळीस मीटर बँडचा, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा, डायपोल (तारेची अँटेना) करायचा होता. तारेच्या लांबीचा हिशोब सोपा आहे: १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ने भागलं की वीस मीटर आणि वर चौदा सेंटीमीटर. तार मधोमध कापायची, तिथे केबल जोडायची, झालं. आमच्या डोंबिवलीच्या गच्चीत वीस मीटर सरळ जागा नाही, म्हणून टाकीला बांबू बांधून मध्य वर घेतला आणि दोन्ही टोकं कठड्याकडे उतरवली. याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात. आमचे सेक्रेटरी याला टॉवर म्हणाले. "काका, नुसती तार आहे हो." "सुरुवात तारेनंच होते," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग केबल. रेडिओला केबलचा विद्युत अडथळा पन्नास ओहम लागतो, कमी नाही, जास्त नाही. हा आकडा आला कुठून? मधली तार आणि भोवतीची जाळी यांच्यात हवा असलेली कोॲक्स केबल तीस ओहमच्या आसपास असली तर जास्तीत जास्त पॉवर झेपते, सत्याहत्तरच्या आसपास असली तर गळती सगळ्यात कमी. म्हणून मधला पन्नास. म्हणजे दोन्ही बाजूंचं थोडं थोडं ऐकून निकाल दिलेला. मला हा आकडा तेव्हापासून जवळचा वाटतो.

केबलच्या टोकाला पीएल-२५९ नावाचा कनेक्टर लागतो. त्याचं अंग असं जाड, की माझी २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न त्याला तापवता तापवता स्वतःच गार पडायची. शेवटी टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून मोठी आयर्न मागून आणली. जाळी विंचरली, पिळली, चारही भोकांतून सोल्डर तुपासारखं उतरलं. बोटं भाजली, पण काम असं चकचकीत की बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान. आणि हे काय?" चहाच्या कपाशेजारी कनेक्टरची आट्यांची बाहेरची रिंग पडली होती. ती आधी केबलवर ओवून घ्यायची असते. दुसऱ्या टोकाकडून ओवावी म्हटलं, तर ते टोक मी सकाळीच बांबूवर चढवून, टेप गुंडाळून, खाली उतरून आलो होतो. कनेक्टर कापला. पुढच्या आठवड्यात हीच चूक पुन्हा केली, ती कुणाला दाखवली नाही.

आता एसडब्ल्यूआर. रेडिओनं पाठवलेल्यातलं किती परत फिरून आलं, याचा हा पंचनामा. १ म्हणजे काहीच परत नाही, २ म्हणजे साधारण अकरा टक्के परत, ३ म्हणजे पंचवीस टक्के. त्याच्या वर गेलं की रेडिओ घाबरून आपली पॉवर आपणच कमी करतो. माझा आला ४.

अ‍ॅनलायझर (अँटेना तपासायचं यंत्र) लावून पाहिलं तर तार ७.१ ऐवजी ६.८५ मेगाहर्ट्झवर बोलत होती. म्हणजे लांब. मग हजामत सुरू झाली. डावीकडून जरा काप, उजवीकडून जरा काप, ती बाजू जास्त गेली वाटतं, म्हणून पुन्हा ही बाजू. संध्याकाळी तार ७.३५ वर. कापायची नसते, टोकाकडून दुमडायची असते, हे मला सगळ्यांनी नंतर सांगितलं.

तुकडे जोडून एकदाचा १.४ वर आणला. पण दर रविवारी सकाळी तो २.८ व्हायचा. तीन रविवार मी बांबूला दोष दिला. चौथ्या रविवारी गच्चीत गेलो, तर दोन्ही टोकांवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या ओल्या चादरी. "तूच बांधलीस ना रे दोरी? सोसायटीत कुणीतरी मनावर घेतलं बाई," असं त्या कौतुकानं म्हणाल्या. डायपोलच्या टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं. रेडिओवरून मी बोलत असताना तिथे हात लागला तर चटका बसतो. हे त्यांना समजावलं आणि पाटी लावली: 'ही दोरी नाही.' दुसऱ्या दिवशी पाटीखाली कुणीतरी खडूनं लिहिलं: 'मग काय आहे?'

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. पाऊस धोधो आणि एसडब्ल्यूआर १.२! बँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत १.२. मी स्क्रीनचा फोटो काढला, बायकोला पाठवला, ती शेजारच्याच खोलीत होती. मग तीन संध्याकाळी "सीक्यू, सीक्यू" (कुणी आहे का?) म्हणत बसलो. एकानंही उत्तर दिलं नाही.

शेवटी ज्यांच्याकडे शिकलो त्या बुजुर्ग हॅमना फोन केला. "सगळ्या बँडवर १.२?" ते म्हणाले. "अभिनंदन. केबल काप."

बांबूजवळ केबल कापली, तर आतून पाणी. तांब्याची जाळी हिरवीगार. मी साधी काळी टेप गुंडाळली होती, तिच्यातून पाऊस आत शिरला होता. शंभर वॅटमधले समजा दहाच वर पोहोचत होते. ते सगळेच्या सगळे परत फिरले तरी वाटेत आटून मीटरपाशी एकच वॅट यायचा. वर अँटेना असो की मोकळा बांबू, मीटर खूश. तीन संध्याकाळी मी केबल गरम करत होतो.

नवी केबल, रबराची टेप, आणि पाणी निथळावं म्हणून बांबूपाशी केबलला खाली एक झोल. एसडब्ल्यूआर पुन्हा १.४. त्या रात्री एका बंगळूरुकरानं उत्तर दिलं, "फाइव्ह नाइन," म्हणजे आवाज स्पष्ट आणि जोरदार. मी इतका गडबडलो, की स्वतःचा कॉलसाईन चुकीचा सांगितला.

परवा जिन्यात काकू भेटल्या. "उद्या तुझा रेडिओ आहे का? नाहीतर चादरी भिजवते."

मी मनातल्या मनात हिशोब केला. "मधल्या बाजूला, बांबूजवळ घाला काकू. एकच. आणि पिळून."