तक्रारदारालाच आत टाकतात, ही थाप आहे

पुण्यातल्या एका पोलीस अधिकाऱ्याला लाचेच्या खटल्यात शिक्षा झाल्याची बातमी आली आणि तिच्या मागोमाग एक लांबलचक मेसेज फिरायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आला, मी सोडून दिलं. मग तोच माझ्या भाच्याने मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, बघ, म्हणूनच मी तक्रारीच्या फंदात पडत नाही.’ त्याचा टेम्पो एका किरकोळ अपघातात जप्त झालाय. कोर्टातून सोडवून घ्यायचा तर पोलिसांचा अहवाल लागतो, आणि त्या अहवालासाठी दहा हजार मागितलेत. अर्धे त्याने देऊनही टाकले. टेम्पो उभा, कर्जाचा हप्ता चालू आणि वर हा मेसेज. आता सोडून देणं शक्य नाही.

मेसेज म्हणतो: २०१८च्या नव्या कायद्याने लाच देणाराही गुन्हेगार, त्यामुळे अँटी करप्शन ब्युरोकडे (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे) गेलात तर आधी तुम्हालाच आत टाकतील. सापळ्यात लावलेले पैसे कायमचे जातात. नोटांना पावडर लावून कुणालाही अडकवता येतं. साहेब स्वतः पैशाला हात लावत नाही, मधल्या माणसाला घ्यायला लावतो आणि सुटतो. तक्रारदार कोर्टात फिरला की केस संपली. आणि शिक्षा झालीच तर अपिलात स्टे घेऊन साहेब पुन्हा ड्युटीवर.

यातला पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यात अर्धं खरं आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८चा. त्यात कलम २४ होतं. लाच देणाऱ्याने दिलेल्या जबाबावरून त्याच्यावर खटला भरता येत नसे. २०१८च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं आणि कलम ८ नव्याने लिहिलं: लाच देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मेसेज लिहिणारा इथेच थांबला. त्याच कलमात पुढे जे आहे ते त्याने वाचलं नाही, किंवा वाचून गिळलं.

पुढे असं आहे की ज्याला लाच द्यायला भाग पाडलं गेलं, त्याने दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर त्याला हे कलम लागूच होत नाही. आणि त्याच्या खालीच, पोटकलम (२): आधी यंत्रणेला कळवून, तिला मदत करण्यासाठी जो पैसे देतो किंवा द्यायचं कबूल करतो, त्यालाही हा गुन्हा लागत नाही. सापळा म्हणजे नेमकं हेच. तक्रारदार आधी जाऊन सांगतो आणि मग अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली पैसे देतो. त्याला आत टाकायचं म्हटलं तरी कायदा टाकू देत नाही.

म्हणजे भाच्यासारख्या माणसाला खरा धोका तक्रार केल्याने नाही, न केल्याने आहे. अर्धे पैसे देऊन गप्प बसला आणि सात दिवस उलटले की कायद्याने दिलेलं संरक्षण त्याच्या हातून जातं. तो मेसेज वाचून जो जो घाबरून थांबला, त्याला त्या मेसेजनेच गुन्हेगारीच्या रेषेकडे ढकललं. माझा संताप या एका गोष्टीसाठी आहे. (भाचा आता काय करणार ते इथे लिहीत नाही, कारण उघड आहे.) हेही सांगते की जो आपल्या फायद्यासाठी आपणहून पैसे सरकवतो, पावती नको म्हणून दोनशेची नोट पुढे करतो, त्याला ही सूट नाही, आणि नसावीच.

पावडरीचं. मी जिल्हा परिषदेत नोकरीला असताना सरकारी पंच, म्हणजे सापळ्याची साक्षीदार, म्हणून गेले आहे. ब्युरो दुसऱ्या सरकारी कार्यालयांकडून पंच मागवतं, तशी माझी पाळी आली. एका पोलीस उपनिरीक्षकावर सापळा होता. लोकांना वाटतं, पावडर लावली, माणूस धरला, झालं. त्याच्या आधी काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्यांदा पडताळणी. तक्रारदाराकडे व्हॉइस रेकॉर्डर, बरोबर मी, आणि नुसतं जाऊन बोलायचं. त्या बोलण्यात समोरच्याने स्वतः पैसे मागितले, तडजोडीअंती आकडा ठरला, तेव्हाच पुढची तयारी. पंचनाम्यात प्रत्येक नोटेचा नंबर लिहिला गेला. नोटांना हाताला लागणारी अँथ्रासीन पावडर लावली आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरून दाखवली, निळसर चमकते. साध्या उजेडात काहीच दिसत नाही. मग दुसऱ्या माणसाने त्या नोटा तक्रारदाराच्या खिशात ठेवल्या आणि ब्युरोच्या अधिकाऱ्यांनी त्याला बजावलं: समोरच्याने मागितल्याशिवाय नोटांना हात लावायचा नाही. त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

हा सगळा खटाटोप का, तर नुसती नोट सापडली म्हणून शिक्षा होत नाही. सुप्रीम कोर्टाने बी. जयराज खटल्यात २०१४ मध्ये सांगितलं की मागणी सिद्ध झाली नाही तर पैसे सापडूनही उपयोग नाही. टेबलाच्या खणात नोटा टाकून प्रामाणिक माणसाला अडकवता येतं, असं म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं. या कसोटीवर कितीतरी आरोपी सुटलेत.

मधल्या माणसाचा मुद्दा एका वाक्यात संपतो. कलम ७ मध्येच स्पष्ट म्हटलंय की लोकसेवकाने पैसे थेट घेतले की दुसऱ्याकरवी, याने फरक पडत नाही. ब्युरोच्या बातम्यांत ‘खासगी इसम’ उगीच येत नाही. शिवाय घेण्याचा प्रयत्नही त्याच कलमात बसतो, म्हणून संशय येऊन पैसे न घेताच पळालेल्यांवरही मागणीचे गुन्हे दाखल होतात. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात.

तक्रारदार फिरला की केस संपली? मी ज्या खटल्यात साक्ष दिली, त्यातला तक्रारदार शिवाजीनगर कोर्टात डळमळला. मागितल्याचं नीट आठवत नाही म्हणाला. कुणी काय दाब आणला असेल ते त्यालाच माहीत. पण मी ऐकलं होतं, रेकॉर्डिंग होतं, आणि उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी मला दिवसभर उभं केलं तरी जे ऐकलं ते ऐकलं. शिक्षा झाली. माझा एक अनुभव बाजूला ठेवा. १५ डिसेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नीरज दत्ता खटल्यात हा प्रश्न कायमचा निकाली काढला. तक्रारदार मरण पावला, फितूर झाला किंवा साक्षीला मिळालाच नाही, तरी इतर साक्षीदारांवरून आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी लिहिलेला हा निकाल कुणालाही शोधून वाचता येतो.

पैसे जातात, हे खोटं. मूळ नोटा पुरावा म्हणून अडकतात, पण तक्रारदाराला तेवढी रक्कम ब्युरोकडून परत मिळते. मोठी रक्कम असली तर वरखाली खऱ्या नोटा आणि मध्ये खेळण्यातल्या, असंही करतात.

स्टेचं अर्धवट खरं आहे. अपील केलं की शिक्षेची अंमलबजावणी थांबून जामीन मिळतो. पण माणूस दोषीच राहतो. के. सी. सरीन खटल्यात २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की वरचं कोर्ट निर्दोष ठरवेपर्यंत अशा लोकसेवकाला भ्रष्टच धरायचं, आणि दोषसिद्धीला सहसा स्थगिती द्यायची नाही. राज्यघटनेच्या कलम ३११ प्रमाणे दोषी ठरलेल्याला खात्याची चौकशी न करताही बडतर्फ करता येतं. मात्र खटला चालू असताना निलंबित लोकांना परत कामावर घेतलं जातं. हे होतं, आणि मला ते अजिबात पटत नाही. खटले दोन वर्षांत, फार तर चारात संपवावेत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात माझी साक्ष निघेपर्यंत मी निवृत्त झाले होते. सुटणारेही शिक्षा होणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलं असतं तर मी सही केली असती.

ज्यांच्याकडे सध्या कुणी पैसे मागतंय त्यांच्यासाठी: टोल फ्री नंबर १०६४. पुण्याचं ब्युरोचं कार्यालय शनिवार पेठेत आहे. जाताना अडलेल्या कामाचे कागद न्या, मागणीचा फोन किंवा मेसेज असेल तर मोबाइलमधून काही पुसू नका, आणि पैसे आधीच दिले असतील तर कोणत्या तारखेला, कुणाला, किती, ते घरूनच लिहून न्या. सात दिवस त्या तारखेपासून मोजतात.