फेरफार नोंद, मौजे वेताळ टेकडी

रविवारी सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर माउंटन बाइक चालवणं हा व्यायाम आहे. रविवारी दुपारी त्या रपेटीची जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनने नोंदवलेला सगळा मार्ग, दुरुस्त करणं ही नोकरी आहे, आणि ती मला बिनपगारी लागली आहे. ‘याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी आवई आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी उठवली. तेव्हापासून मंडळी आंघोळी आटोपून पानावर बसली की माझ्या फोनवर फायली पडायला लागतात. सातबारा घेऊन तलाठ्यासमोर उभं राहावं तसे सगळे अदबीने येतात. “दादा, तेवढी एक दुरुस्ती.” कुणाचं क्षेत्र कमी भरलंय, कुणाची हद्द शेजारच्या कॉलेजात घुसलीये, कुणाला नुसताच चढ वाढवून हवाय. चहापाण्याचं मात्र कुणी विचारत नाही.

ज्यांनी ही फाइल आतून पाहिलेली नाही ते सुखी आहेत. नोटपॅडमध्ये उघडली की नुसत्या ओळीच ओळी. प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि वेळ. सेकंदाला एक बिंदू धरला तर दोन तासांचे ७,२०० होतात. त्यात तुमची धाप नोंदली जात नाही, उतारावर मोर आडवा आला तेही नाही. पंक्चर मात्र नोंदलं जातं. उपग्रहांवरून काढलेली जागा दर क्षणी थोडी डळमळते, त्यामुळे एका जागी उभा असलेला माणूससुद्धा फाइलमध्ये चकरा मारत असतो. आमचे डॉक्टर गिरिपुष्पाच्या झाडाखाली ट्यूब बदलत बसले होते, तेवढ्यात त्यांचं चारशे मीटर सायकलिंग झालं. तो गुंता मी पुसायला घेतला तर म्हणाले, “असू दे रे, मेहनत झालीच होती.”

वेळेचा घोळ तर शासकीय दर्जाचा आहे. फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. सकाळी सहाला निघालात तरी आत साडेबारा वाजलेले असतात, तेही मध्यरात्रीचे. आमच्यातले एक काका अकाउंट्समधून निवृत्त झालेत. चुकीचा आकडा दिसला की त्यांना झोप लागत नाही. त्यांनी सगळ्या फाइलमध्ये साडेपाच तास स्वतः वाढवले. मग सगळे ज्यावर रपेटी चढवतात त्या ॲपने आपल्या परीने आणखी साडेपाच तास वाढवून दाखवले. एप्रिल महिन्यात काका सकाळी साडेअकराच्या उन्हात टेकडीवर चढले अशी नोंद झाली. ग्रुपवर ‘सलाम काका’चा पाऊस पडला. त्यानंतर ती वेळ सुधारू नकोस, असा मला खासगीत निरोप आला.

पण खरा वाद उंचीचा. अंतराचं भांडण शंभर-दोनशे मीटरात मिटतं. उंचीवरून मैत्र्या तुटतात. उपग्रहावरून काढलेली उंची मुळातच जागेपेक्षा जास्त चुकते. सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिकपणे प्रत्येक चढाची बेरीज करत जातं, आणि दोन मीटर वर, दोन मीटर खाली अशी थरथर असली की सपाट रस्त्यावरसुद्धा एखादा किल्ला सर होतो. ज्यांच्याकडे महागडं यंत्र आहे त्यांची उंची हवेच्या दाबावरून मोजतात. ते एरवी चांगलं. मात्र जूनमध्ये ढग दाटून आले, आपण टपरीच्या पत्र्याखाली भजी खात थांबलो आणि दाब उतरला, तर मिलिबारमागे आठ-नऊ मीटर या हिशोबाने यंत्र आपल्याला भज्यांसकट वर चढवतं. सेन्सरच्या बारीक भोकात चिखल गेला तर मग विचारूच नका.

यावर सॉफ्टवेअरमध्ये ‘उंची दुरुस्त करा’ असं एक बटण असतं. दाबलं की फाइलमधली उंची पुसली जाते आणि जगाच्या नकाशातली भरली जाते. हा नकाशा बऱ्याचदा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने मोजलेला असतो. काम थोर आहे, नाही म्हणत नाही. पण त्यातला एक चौकोन साधारण ३० मीटरचा, आणि आपला घाटरस्ता कड्याला नखाने ओरखडा काढावा इतका अरुंद. ट्रॅक जरा दरीच्या बाजूला सरकला की उंची धाडकन खाली, पुढच्या बिंदूला पुन्हा वर. ताम्हिणीच्या एका फाइलवर मी ते बटण दाबलं तर चढ कमी व्हायचा तो भरमसाट वाढला. कात्रजच्या जुन्या बोगद्याची तर गंमतच. आपण आतून जातो, बटण आपल्याला डोंगरावरून नेतं. बँकेतल्या मित्राला हे कळल्यापासून तो मुद्दाम बोगद्यातून जातो.

एकदा ग्रुपमधल्या एका तरुणाने मला कष्ट पडू नयेत म्हणून केएमएल फाइलची (गूगल अर्थवर चालते ती) जीपीएक्स स्वतःच करून पाठवली. केएमएलमध्ये आधी रेखांश असतो, मग अक्षांश. त्याने आहे त्याच क्रमाने भरले. पुणे १८.५ उत्तर आणि ७३.८ पूर्व, उलटं केलं की आपण नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, बेअर आयलंडच्या दक्षिणेच्या गारठलेल्या समुद्रात पोचतो. नकाशावर टेकडीची सगळी वळणं हजर, फक्त आडवी पडून पाण्यात. काकांनी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “समुद्रातसुद्धा एवढा चढ कसा?”

फाइल हलकी करायचं बटणही आहे. ते नको असलेले बिंदू वगळतं, आणि घाटातली वळणं त्याला हटकून नको असतात. मग रस्ता सरळ कड्यातून आरपार जातो आणि १०० किलोमीटरची रपेट ९९.६ भरते. त्या ४०० मीटरसाठी माणसं रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरताना मी पाहिली आहेत. वॉचमनही आता विचारत नाही.

अलीकडची केस मात्र वेगळी होती. बँकेतल्या मित्राचा फोन वाटेतच बंद पडला. फाइल नाहीच. “मी गेलो होतो, तू साक्षीदार आहेस. तू फक्त काढ,” म्हणाला. मी जेवण सोडून नकाशावर माउसने टेकडी काढत बसलो, खाणीपासून देवळापर्यंत, एकेक वळण. शेवटी सॉफ्टवेअरने सरासरी वेग विचारला. “लिही १८,” तो म्हणाला. सॉफ्टवेअरने तो वेग सगळीकडे सारखा वाटला. उतारावर १८ आणि खाणीच्या मागच्या ज्या चढावर तो दर रविवारी सायकल ढकलत नेतो, तिथेही १८. मी फाइल पाठवली, त्याने ॲपवर चढवली. पाच मिनिटांत माझ्या फोनवर सूचना आली, की त्या चढावरचा माझा विक्रम कुणीतरी मोडला आहे.