खुलासा: दोन वर्षांच्या 'पीजी'ने पॅथॉलॉजिस्ट होता येत नाही

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) किंवा बीएस्सीनंतर दोन वर्षांचा 'डायग्नॉस्टिक्समधला पीजी' करा, पॅथॉलॉजिस्ट (रक्त, लघवी, ऊतींच्या तपासण्यांचा तज्ज्ञ डॉक्टर) व्हा, स्वतःच्या सहीने रिपोर्ट द्या. हे खरे नाही. फी भरण्याआधी पालकांनी एवढे वाचावेच.

एमडी पॅथॉलॉजी एमबीबीएसनंतरच करता येते आणि तिला तीन वर्षे लागतात. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या जागा नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतून भरतात, मिहानच्या एम्समधल्या आयएनआय-सीईटी या वेगळ्या परीक्षेतून. पॅथॉलॉजी अहवालावर प्रतिस्वाक्षरी पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितले आहे.

हा सहीचा हट्ट नव्हे. डेंग्यूच्या दिवसांत मशीन प्लेटलेट्स वीस हजार दाखवते आणि घरचे हादरतात. कधीकधी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारे रसायन) ट्यूबमध्ये प्लेटलेट्सच्या गुठळ्या झालेल्या असतात, मशीन त्या मोजत नाही. स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की खरा प्रकार कळतो, मग सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतात. आकड्यामागचा रुग्ण ओळखायला शिकण्यातच ती तीन वर्षे जातात.

लॅब टेक्नॉलॉजीतली एमएस्सी कमी दर्जाची आहे, असे मुळीच नाही. यंत्रांची गुणवत्ता तपासणी आणि अचूक चाचण्या त्याच लोकांच्या हातात असतात. आवड असेल तर मुलांनी ती जरूर करावी. फक्त प्रवेश घेताना पदवीचे नेमके नाव काय, ती देणारे विद्यापीठ कोणते आणि सहीचा अधिकार मिळतो का, हे संस्थेकडून लेखी घ्या.