‘वायपर मोटर ओढत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर : आधी पिव्हट सरकवा

नमस्कार.

तुम्ही ऐरोलीहून मापांसकट प्रतिक्रिया दिलीत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : रेसिंग गेममधल्या गाडीबरोबर हलणारी गेमिंग सीट कारच्या दोन वायपर मोटरींवर हलवायचा सल्ला फसवा आहे. ब्रेक मारला की सीट पुढे झुकते आणि परत येताना मोटर कण्हत थांबते. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मध्येच बंद पडतो, एक आयबीटी-२ ड्रायव्हर (मोटरचा वेग आणि दिशा सांभाळणारा बोर्ड) जळाला, खालच्या मजल्यावरून तक्रार आली. आणि एवढं करून दोनच अक्ष (पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकणं), म्हणजे ‘महागडा पाळणा’. तेव्हा २४ व्होल्टच्या मोठ्या गिअर मोटर्स घेतलेल्या बऱ्या.

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुमच्याच मापांचा हिशेब मांडू.

माणूस, सीट, स्टिअरिंग आणि पेडल मिळून हलणारं वजन ९५ किलो. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे सीट ज्यावर झुकते तो पिव्हट, तुम्ही सीटच्या पाठीखाली बसवलाय, म्हणून गुरुत्वमध्य त्याच्या २२ सेंमी पुढे पडतो. मोटरी ज्यांनी सीट ओढतात ते मागचे रॉड जॉइंटपासून ३० सेंमीवर आणि क्रँक, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा आर्म, ८ सेंमीचा. ९५ गुणिले २२ भागिले ३०, म्हणजे सुमारे ७० किलोचा ओढा. प्रत्येक रॉडला ३५. त्याला ८ ने गुणलं की एका मोटरवर २८० किलो-सेंमी टॉर्क (फिरवण्याचा जोर) येतो. कारची साधी वायपर मोटर एवढ्या लोडला जवळपास जाम होते. सतत चालवायचं तर ५०-६० किलो-सेंमीच्या वर तिला नेऊच नये. सीट नुसती सरळ धरून ठेवण्यातच तिचा सगळा जोर संपतोय. २४ व्होल्टची मोटर हा लोड काही दिवस ओढेल, पण त्याच लोडखाली मग रॉड-एंड (रॉडच्या टोकाचे सांधे) आणि वेल्डिंग सुटतील.

आता जॉइंट पुढे सरकवून गुरुत्वमध्याचं अंतर ४ सेंमीवर आणा, रॉड ४५ सेंमीवर न्या, क्रँक ५ सेंमीचा करा. तोच हिशेब २१ किलो-सेंमीवर येतो, तेरापटीने कमी. मोटर तीच, वजन तेच.

गुरुत्वमध्य अंदाजाने धरू नका. सीटची फ्रेम, स्टिअरिंग-पेडल लावलेली आणि चालवणारा बसलेला, अशी एका २५ मिमीच्या गोल पाइपवर आडवी ठेवा. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरा आणि पाइप पुढे-मागे करत समतोल शोधा. तिथे खूण करून जॉइंट तिच्या ३-४ सेंमी मागे बसवा. बरोबर खुणेवर बसवायचा मोह होतो, पण अंतर शून्य झालं की रॉड-एंडमधला सगळा खुळखुळाट मधल्या स्थितीत ‘टक टक’ वाजायला लागतो. थोडं वजन कायम एकाच बाजूला राहिलं की ते सांधे एका अंगाला टेकून राहतात. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य जॉइंटच्या ३५ सेंमी वर असेल तर साडेपाच अंश झुकल्यावर तो आणखी साडेतीन सेंमी पुढे जातो. तो धरूनही लोड ४० किलो-सेंमीच्या आत राहतो. सीटखाली उंच स्टँड लावला असेल तर मात्र हे गणित बिघडतं, तो काढा.

८ सेंमीचा क्रँक जास्त हालचालीसाठी घेतलात हे उघड आहे. पण क्रँक मध्यापासून ६० अंशांपलीकडे नेण्यात अर्थ नसतो, तिथून पुढे तो फिरतो जास्त आणि रॉड सरकतो कमी. ५ सेंमीच्या क्रँकने ६० अंशांत रॉड ४.३ सेंमी सरकतो, ४५ सेंमीवर तो साडेपाच अंशांचा झुकाव होतो. पुरतो. क्रँक करून घेताना मोटरसोबतचा मूळ आर्म मागून घ्या. वायपर मोटरचा शाफ्ट निमुळता आणि दातेरी असतो, साधं भोक पाडलेली पट्टी त्यावर घसरते. रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडून त्या आर्मचा बॉस (शाफ्टवर बसणारा दातेरी भाग) कापून ८ मिमीच्या पट्टीवर वेल्ड करून घ्यायचा.

ड्रायव्हर जळण्याचं कारण मात्र बहुधा वेगळं आहे. बऱ्याच वायपर मोटर्समध्ये एक ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारा कार्बनचा तुकडा) आतून बॉडीला जोडलेला असतो, कारण गाडीत बॉडी म्हणजेच निगेटिव्ह. एच-ब्रिजवर, म्हणजे ड्रायव्हरमधल्या दिशा बदलणाऱ्या सर्किटवर, दिशा उलटली की तीच बॉडी १२ व्होल्टवर जाते. दोन मोटर्स एकाच लोखंडी फ्रेमवर असतील आणि एक सुलट, एक उलट फिरत असेल, तर फ्रेममधून सरळ शॉर्ट होतो. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून प्रत्येक वायर आणि बॉडी तपासा. बीप आली तर मागचं झाकण उघडून आतली जोडणी तोडा आणि त्या ब्रशची वेगळी वायर बाहेर काढा. मोटरखाली नायलॉन बुश घालून भागत नाही, क्रँक आणि रॉडमधून वीज फ्रेमपर्यंत पोहोचतेच. हाय-स्पीड ब्रश वापरत असाल तर तोही सोडा. तो तिरका बसवलेला असल्याने दोन दिशांना वेग वेगळा पडतो आणि ठिणग्या उडतात.

आयबीटी-२ वरचा ४३ अँपिअर हा आकडा चिपच्या करंट-लिमिटचा आहे. पंख्याशिवाय १०-१५ च्या वर भरवसा नको. २४ व्होल्टला अडचण वाढते : ही चिप २७ व्होल्टपर्यंतच चालते, आणि मोटर थांबताना जनरेटर बनून व्होल्टेज वर ढकलते. तुमचा एसएमपीएसही याच कारणाने पडत असणार. कधी ओव्हरव्होल्टेजने, कधी दिशा उलटतानाच्या करंटने. एसएमपीएसच्या पॉझिटिव्हमध्ये ४० अँपिअरचा शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) हीटसिंकवर घाला, त्यापुढे यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी ३० अँपिअर फ्यूजमधून समांतर जोडा आणि डायोडनंतर १३.६ व्होल्ट येतील असा एसएमपीएस सेट करा. झटक्याचा करंट बॅटरी देते, उलटा आलेला तीच पिते. बॅटरी आली की इमर्जन्सी स्विच एसएमपीएसच्या प्लगवर ठेवून चालत नाही. लाल मशरूम स्विचने प्रत्येक मोटरसाठी ४० अँपिअरचा एकेक कार रिले सोडा आणि तो रिले बॅटरीनंतर, ड्रायव्हरच्या आधी लावा. वीज तुटली तरी मोटरमधल्या वर्म गिअरमुळे (तो वजनाने उलटा फिरत नाही) सीट जागेवर राहते, आदळत नाही.

‘पाळणा’ हा शेरा निम्मा रास्त आहे. साडेपाच अंशांच्या झुकावाने अंगाला जेमतेम ०.१ जी (गुरुत्वाकर्षणाचा दहावा भाग) जाणवतो, खऱ्या ब्रेकिंगचा १ जी घरात कुणीच देऊ शकत नाही, सहा अक्षवालेही नाही. दोन अक्ष सुरुवातीचा धक्का सांगतात. फ्लाइट सिम्युलेटरला ते कमी पडतात, रेसिंगला पुरेसे आहेत.

खालच्या शेजाऱ्यांचा प्रश्न वजनाचा नाही. घराच्या स्लॅबला चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा लोड धरलेला असतो, तुमचा सेटअप त्यात बसतो. आवाज लोखंडी पायांतून टाइलमध्ये उतरतो. पायांखाली १२ मिमी प्लाय आणि त्याखाली १० मिमीची जिमची रबर मॅट घाला. प्लाय टाइलला स्क्रूने जोडू नका. उरलेला आवाज सेटिंगचा असतो : कंट्रोलरमधला केपी (सीट जागेवर किती जोराने आणायची तो आकडा) जास्त ठेवला की सीट जागच्या जागी थरथरते. तो थरथर थांबेपर्यंत कमी करा, मग केडी (हालचालीला आवर घालणारा आकडा) हळूहळू वाढवा. क्रँकची स्थिती मोजणारा पोटेन्शिओमीटर कार्बन ट्रॅकचा असेल तर पावसाळ्यात त्याचं रीडिंग नाचतं आणि सीटही नाचते. तिथे चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर घ्या.

नवा ड्रायव्हर लावल्यावर पहिली चाचणी रॉड सोडून आणि पीडब्ल्यूएम मॅक्स (मोटरला द्यायच्या जोराची कमाल मर्यादा) कमी ठेवून करा. मोटरच्या वायर उलट्या असतील तर क्रँक मध्यावर न येता टोकाकडे पळतो. मशरूम दाबा, त्या मोटरच्या दोन वायर अदलाबदल करा, आणि मगच रॉड जोडा.