घुबडासोबत तोंड मिटून

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या छपरावर, पतंगाऐवजी घुबड सापडलं. गव्हाणी घुबड. एका पंखाला नायलॉनचा मांजा आवळलेला आणि माझ्याकडे अशी नजर, की मांजा मीच विकत आणला. (पोराची चक्री मी तातडीने माळ्यावर टाकली, ते सोडा.)

"अशुभ," दाजी म्हणाले. जिजी, म्हणजे माझी आई, भडकली. "लक्ष्मीनं वाहन शे ते! भूक लागनी व्हई त्याले." आणि ती दुधाची वाटी घेऊन आली. मी वनविभागाच्या १९२६ वर फोन लावला. पलीकडून सांगितलं, दूध नको, पाणी पाजू नका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि सारखं डोकावू नका. जिजीने वाटी मलाच पाजली.

वनरक्षक आले. पंख शिवावा लागेल, शहाद्याच्या पुढे सातपुड्यात उपचार केंद्र आहे, पण सरकारी जीप दुसरीकडे गेलीय, म्हणाले. मी गाडी काढली. किल्ली फिरवेपर्यंत मागे जिजी, दाजी आणि पोरगा बसलेले, मांडीवर कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. जंगलात चाललोच आहोत, तर बिबट्याही बघून येऊ, असा हिशोब.

"एकच करा," वनरक्षक म्हणाले, "बोलू नका. माणसाच्या आवाजानं ते घाबरतं."

आता, आमच्या घरात कुणी सलग दहा मिनिटं गप्प बसलं तर डॉक्टरला बोलावतात. जिजी कुजबुजली तरी ते शेजारच्या गल्लीत ऐकू जातं. धुळ्यापासून चिमठाण्यापर्यंत दाजींनी नुसत्या भुवयांनी माझ्या ड्रायव्हिंगवर टीका केली. पोराने खोक्याचं नाव 'गोटू' असं हवेत बोटाने लिहिलं. दोंडाईचा आलं. रस्त्याच्या कडेला लाल मिरच्यांचे गालिचे वाळत घातलेले, आणि काच दाजींच्या बाजूची उघडी. दाजींनी शिंक अडवली. पुन्हा अडवली. चेहरा मिरचीसारखा झाला. सारंगखेड्याच्या पुलावर, खाली तापी संथ वाहत असताना, साठवलेल्या सगळ्या शिंका एकदम बाहेर पडल्या.

खोक्यात 'खॅक' झालं. वनरक्षकांनी हळूच आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. घुबडाने काळी गोळी ओकली होती. उंदीर ते सबंध गिळतं आणि पचत नाहीत ती केसं-हाडं अशी बाहेर टाकतं. त्यांनी काडीने गोळी उकलून इवलीशी कवटी दाखवली. जिजीने ठेच्याचा डबा खिडकीशी सरकवला.

केंद्रावर डॉक्टरीणबाईंनी खोकं घेतलं आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर. समोर पिंजरे होते, पण चहूबाजूंनी हिरवं कापड. दाजींनी फटीला डोळा लावला, तर आतून एका कर्मचाऱ्याचा डोळा आला.

"इथे दाखवायला काही नसतं," तो म्हणाला. "माणसाची सवय लागली की जनावर पुन्हा गावात येतं. नावसुद्धा ठेवत नाही आम्ही." पोराने गोटूला मनातल्या मनात निरोप दिला.

दाजींचा उतरलेला चेहरा पाहून त्या भल्या माणसाने रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. लहानसं घुबडच, तेही दिवसाढवळ्या हिंडणारं. १८८४ नंतर ते शास्त्रज्ञांना दिसलंच नाही. संपलं, असंच धरलं होतं. ११३ वर्षांनी, १९९७ साली, इथेच शहाद्याजवळ सापडलं.

"आठेच व्हतं ते," जिजी म्हणाली. "त्यास्ले दिसनं नही."

मला त्या पाखराचा हेवा वाटला. आमच्या गल्लीत साधं नवं बनियन घालून बाहेर पडलं तरी चारजण विचारतात.

पंख बरा झाला की घुबड जिथे सापडलं तिथेच आणून सोडू, असं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. घरी पोचलो तर ओट्यावर शेजारीण वाटच बघत होती. "काय देखं तठे?"

"हिरवं कापड," दाजी म्हणाले.

रात्री माळ्यावर उंदरांची वरात निघाली. डबे वाजले, काहीतरी गडगडत गेलं, बहुधा चक्री. अंधारातून जिजीचा आवाज आला, "कव्हय ई रे ते?"